मानशीपाशी

दिवसभर मी आकडे लिहितो.
जुव्यातली तीनशे बारा घरं, तीनशे बारा मीटर,
कुत्री वेगळी.
रात्री जेवणं आटोपल्यावर एक निळी वही.
तिच्यात आकडे नाहीत.
ती कुणासाठी नाही.

अकरा वर्षांपूर्वी कुंदानं विचारलं, हिशेब लिहिता?
मी म्हटलं, हो.
तेव्हापासून ती हिशेबाची वही आहे.
परवा भेंडी चिरता चिरता म्हणाली,
हल्ली खर्च कमी झालेला दिसतो.

चार महिने.
शेवटची ओळ चवथीच्या आदल्या रात्रीची, तीही अर्धी:
माटोळीतलं एक तोरिंजन
पुढे काय होणार होतं त्याचं, आठवत नाही.
खाल्लं आम्ही ते. आंबट निघालं.

पेन बदललं. टेबल खिडकीशी नेलं,
डास आले, परत आणलं.
पहाटे उठून बसलो. जुनी पानं चाळली
आणि हेवा वाटला त्या माणसाचा
ज्याचं अक्षर हुबेहूब माझ्यासारखं होतं.

कुणी मागितलं असतं तर सबब सांगता आली असती,
ताप होता, पाहुणे होते, घरात लग्न होतं.
इथं मागणारा मी, न देणारा मी,
दोघे एकाच खुर्चीत
नजर चुकवून बसलेले.

कायताननं यंदा खाजनाची मानस घेतलीय,
पावणीत बोली लावून.
(मानस म्हणतात इथं बांधातल्या त्या दाराला.
शब्दाचा दुसरा अर्थ त्याला ठाऊक नाही.
किंवा असेल.)
मीटर वाचायला गेलो तेव्हा म्हणाला,
शनिवारी रात्री ये ओहोटीला, तुला झोप तर लागत नाहीच.
तुला कसं कळलं?
तुझा दिवा दिसतो बांधावरून.
वीजखात्याचा माणूस तू, बिल किती येतं रे?

दोन वाजता पोचलो. लाकडी दारं मिटलेली,
आत पाणी खाली, बाहेर नदी चढलेली.
फळीला तळवा लावला,
पलीकडून सबंध नदी टेकून उभी होती.
ढकलून बघू?
कायतान हसला नाही.
आतां उगडशी जाल्यार, म्हणाला, शेतांत मीठ.
तीन वर्सां कांयच जायना.

मला गेल्या उन्हाळ्यातली चौदा पानं आठवली,
हट्टानं लिहिलेली, रोज एक.
त्यांच्यावर अजून गवतही नाही.

बसून राहिलो.
तो मुलीविषयी बोलला, ती स्विंडनला गोदामात खोके भरते,
मग गुडघ्याविषयी,
मग कशाहीविषयी नाही.
पलीकडच्या काठावर कुणीतरी खोकलं
आणि ते पाण्यावरून चालत आल्यासारखं आलं.

नेमकं कधी झालं ते मी पाहिलं नाही.
मी वर बघत होतो.
आवाज झाला नाही, कडी नव्हतीच निघायला,
फक्त फळी सैल पडली
आणि फटीतून काळं पाणी
जाळ्यात शिरू लागलं, घाई नसल्यासारखं.
उगडलीस? मी विचारलं.
हांव कित्याक? उदकूच उगडटा.

कोळंबी, बऱ्यापैकी. दोन कुर्ल्या.
काही पालापाचोळा, एक बूच,
आणि एक चप्पल, निळ्या पट्ट्याची.
ती त्यानं फेकली नाही, धुऊन बांधावर ठेवली.
दुसरी येईल, म्हणाला.
कधी?
त्यानं माझ्याकडे बघितलं,
मीटर वाचणाऱ्याकडे बघावं तसं.

घरी येऊन वही उघडली.
तोरिंजनाखाली लिहिलं:
तीन वाजून दहा. चप्पल, डाव्या पायाची.
अगदी नोंद घेतात तशी.
खाडाखोड करायला काही नव्हतं.

कुंदानं झोपेतच विचारलं, किती झाले?
एक.
एकच?
कूस बदलली तिनं.
मी हातांना येणारा चिखलाचा वास घेत थोडा वेळ बसलो,
मग कायतानला दिसेल असा
दिवा मालवला.